चाबीला हात लावण्यापूर्वी

(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिकांकासाठी लेख द्यावेत अशी सूचना फलकावर लागली तेव्हा आमच्या वर्गातील बहुतेकांचे विषय जागच्या जागी ठरले. कोणी 'आजचा विद्यार्थी' घेतला, कोणी 'हुंडा : एक सामाजिक कलंक', आणि उरलेल्यांनी कविता. मी माझा विषय सांगितला तेव्हा संपादक मंडळातील एक मित्र हसला. "मोटार बंद पडली, हा काय कला शाखेच्या अंकाचा विषय झाला?" असे तो म्हणाला. प्रस्तुत लेख हे त्याला दिलेले उत्तर आहे असे समजावे. ज्या सरांच्या मोटारीविषयी मी लिहिणार आहे त्यांना लेख आधी वाचून दाखविला आहे. त्यांनी हरकत घेतली नाही. उलट एक चूक दुरुस्त केली. सेल्फ मारल्याची संख्या मी सात लिहिली होती. ते म्हणाले, "अकरा लिही."

जानेवारीत राष्ट्रीय सेवा योजनेचे आमचे शिबिर नवेगाव बांधजवळच्या एका खेड्यात होते. बाकीची मुले एस. टी. ने पुढे गेली होती. सरांच्या लहान मोटारीत सर, आम्ही चार विद्यार्थी, तांदळाचे एक पोते आणि शिबिराचा फलक एवढा ऐवज होता. गाव दोन फर्लांगांवर आले असता रस्त्यावर गावकऱ्यांनी स्वतःच घातलेला एक गतिरोधक लागला. तो गतिरोधक कसला, शेताची धुरी उचलून आणून रस्त्यावर आडवी टाकावी तसा उंच आणि अरुंद ढिगारा होता. मोटारीची पुढची चाके त्यावरून उतरली, आणि पलीकडे मुरूम वाहून गेल्यामुळे वर आलेल्या एका दगडावर पोट आदळले. आधी धाडकन, मग पायाखालून खरखर असा आवाज झाला आणि इंजिन बंद पडले.

सरांनी चाबी फिरविली. सेल्फ फिरला, इंजिन लागले नाही. पुन्हा फिरविली. मग प्रत्येकाने आपापले मत दिले. एकाने 'पेट्रोल जास्त झाले' म्हटले, दुसऱ्याने 'थंडीमुळे' म्हटले (दुपारचे बारा वाजले होते), तिसऱ्याने ढकलण्याचा ठराव मांडला व तो एकमताने संमत झाला. आम्ही मागून ढकलू लागलो. अन् ढकलताना माझी नजर खाली गेली. रस्त्यावर, आम्ही ज्यावरून चालत होतो तिथेच, मोटारीच्या पोटाखालून निघालेली एक काळी, ओली रेघ होती.

ती रेघ कशाची हे मला ठाऊक होते. त्या मोटारीजवळ असलेल्या पाच जणांत ते फक्त मलाच ठाऊक होते. आणि मी बोललो नाही.

मी का बोललो नाही हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. माझे वडील कोहमाऱ्याच्या रस्त्यावर काळी-पिवळी चालवीत. गाडी स्वतःची होती. अर्थात पतसंस्थेची आणि स्वतःची. मी बारावीत असताना पावसाळ्याच्या शेवटी एका मोरीच्या कामाजवळ दगड लागून त्यांच्या गाडीचे चेंबर फुटले. चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेली ऑइलची परात. मोटारीच्या पोटात सगळ्यांत खाली लोंबणाऱ्या वस्तूंपैकी ती एक. गाडी बंद पडली नाही. डिझेलचे इंजिन बिचारे चालतच राहिले. गाडीत अकरा माणसे होती, त्यांत एक ताप आलेले मूल. समोर लाल दिवा लागलेला बाबांना दिसला होता. 'स्टँड तर आले' असे म्हणून ते तीन किलोमीटर गेले. पहिल्या किलोमीटरला इंजिनाचा आवाज बदलला, दुसऱ्याला आतून हातोडा मारल्यासारखे ठोके पडू लागले, तिसऱ्याला इंजिन जाम झाले ते झालेच. ऑइल नसले की क्रँकचे मेटल कोरडे घासते, तापते, आणि लोखंड लोखंडाला चिकटून बसते. इंजिन नव्याने बांधावे लागणार होते. त्या वर्षीचे धान विकले तरी तेवढे पैसे जमत नव्हते. हप्ते थकले आणि गाडी गेली. आता बाबा दुसऱ्याची गाडी चालवितात. माझ्या धाकट्या बहिणीचे गोंदियाला शिकायला जाणे एक वर्ष लांबले ते त्या तीन किलोमीटरमुळे.

तेव्हापासून बाबांचे एक वाक्य आमच्या घरात देवासारखे वसले आहे. "गाडी बंद पडली त पयले खाली वाकून पाहाव. मंग चाबीले हात लावाव." हे वाक्य मी शंभरदा ऐकले आहे. तरीही त्या दिवशी तोंड उघडले नाही, कारण महाविद्यालयाच्या प्रवेश-अर्जात वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी 'स्वतंत्र व्यवसाय' असे लिहिले होते. 'सर, चेंबर फुटले आहे' असे मी म्हटले असते तर पुढचा प्रश्न 'तुला रे कसे कळले?' हाच आला असता. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. माझ्यासारखे या वर्गात आणखीही आहेत, आणि मला खात्री आहे की त्यांतल्या प्रत्येकाने असा एखादा रकाना असाच भरला आहे.

शेवटी बोलली ती डोक्यावर गवताचा भारा घेऊन चाललेली एक म्हातारी. "अवो सर, तेल गरून रायलं ना जी खाली," असे ती म्हणाली. 'गरून' या शब्दाला आमच्यातील दोघे हसले. सर मात्र हसले नाहीत. ते गुडघ्यावर बसले, खाली वाकले, उठले, आणि त्यांनी चाबी काढून खिशात ठेवली. तेव्हा कुठे मला जीभ फुटली. मी म्हटले, "सर, माझ्या बाबांना फोन करू का?"

आता विषयाकडे वळतो; कारण केवळ पश्चात्ताप छापण्यासाठी वार्षिकांकाची पाने खर्च करणे बरे नव्हे. पोटाला मार बसून बंद पडलेली मोटार ही एरवी बंद पडलेल्या मोटारीहून वेगळी असते, हे माझे पहिले म्हणणे. एरवी ती चालू होणे हे यश. येथे मात्र चालू होणे हाच कधी कधी घात असतो. सरांच्या मोटारीचे झाले ते असे : दगडाने चेंबरला चीर पाडली आणि त्याच दगडाने इंजिनाच्या खालच्या अंगाला, फ्लायव्हीलजवळ बसविलेल्या एका सेन्सरची वायर ओढून तोडली. इंजिन किती फिरले, कोणत्या क्षणी ठिणगी द्यायची आणि पेट्रोल सोडायचे, हे तो सेन्सर कळवितो. तो गप्प झाला की मोटारीतील संगणक ठिणगी देतच नाही. म्हणून सेल्फ फिरत होता व इंजिन लागत नव्हते. ती वायर तुटली नसती तर सरांची मोटार पहिल्याच चाबीला लागली असती, आम्ही टाळ्या वाजविल्या असत्या, आणि गावापर्यंतही न पोहोचता ती बाबांच्या गाडीच्या वाटेने गेली असती. नंतर गॅरेजमधील मिस्त्रीही हेच म्हणाला, "चालू नाई झाली हे बरं झालं सर."

मग करावे काय? बाबा येईपर्यंत तास गेला. आल्यावर त्यांनी बोनटला हात लावला नाही की चाबी मागितली नाही. त्यांनी प्रश्न विचारले. आवाज कुठे झाला, पुढे की मधे? आवाज झाल्याबरोबर बंद पडली की थोडी चालून? पेट्रोलचा वास आला का? डॉक्टर नाडी पाहण्याआधी विचारतो तसे. मला त्या प्रश्नांचा अर्थ पुढे हळूहळू उलगडला. आवाज मागच्या बाजूला असेल तर पेट्रोलची टाकी व तिची नळी संशयित. पुढे असेल तर चेंबर, सेल्फच्या वायरी आणि रेडिएटर. वास हा तर सर्वांत मोठा साक्षीदार. पेट्रोलचा वास येत असेल तर सेल्फ मारणे म्हणजे गवताच्या गंजीत काडी ओढणे. माणसे उतरवून दूर न्यावीत, बिडी-काडी बंद, आणि मोटारीला हात लावू नये. त्यापुढे कोणतीही हुशारी नाही.

वास नसेल तर खाली पाहावे. गळणाऱ्या थेंबाचा रंग बोलतो. काळे-तपकिरी व बोटाला बुळबुळीत ते ऑइल. हिरवट किंवा गुलाबी, गोडसर वासाचे ते रेडिएटरचे पाणी. पांढरे स्वच्छ पाणी असेल तर बहुधा थंड हवेच्या यंत्राचे, त्याची चिंता नको. ऑइलची शंका असल्यास इंजिनातील मोजपट्टी काढून पुसून पुन्हा बुडवून पाहावी. येथे एक फसगत होते, ती आमच्या सरांचीही झाली. ते म्हणत होते, "ऑइलचा दिवा तर चाबी दिल्यावर नेहमीच लागतो." खरे आहे. इंजिन बंद असताना तो लागतोच, कारण आत दाबच नसतो. म्हणून बंद मोटारीत तो दिवा काहीच सांगत नाही. सांगते ती पट्टी. ती कोरडी निघाली तर मोटार चालू होत नाही हा प्रश्नच उरत नाही. ती चालू करायची नाही, ओढून न्यायची.

गळती नाही अशी खात्री झाल्यावरच चाबी फिरवावी, आणि तेव्हाही कान उघडे ठेवून. सेल्फ मुळीच फिरत नसेल किंवा नुसता टकटक करीत असेल तर पेट्रोलकडे पाहण्याचे कारण नाही. धक्क्याने बॅटरीचे टर्मिनल सैल झाले असेल, सेल्फची जाड वायर खालून तुटली असेल, किंवा इंजिनापासून सांगाड्याला जाणारी अर्थिंगची पट्टी. दिवे लावून पाहावेत. मिणमिणले तर बॅटरीकडचा दोष, लख्ख लागले तर सेल्फकडचा संशय बळावतो. याउलट सेल्फ जोमाने फिरतो पण इंजिन पकडत नाही, तेव्हा पेट्रोल किंवा ठिणगी यांपैकी एक पोहोचत नाही. आजच्या पेट्रोल मोटारींत चाबी अर्धी दिली की मागच्या सीटखालून दोन-एक सेकंद बारीक गूं असा आवाज येतो, तो पंप. तो मुका असेल तर फ्यूज, वायर किंवा पंप पाहावा. काही मोटारींत तर जोराचा धक्का बसला की पंप आपोआप बंद करणारे एक बटनच असते. आग लागू नये म्हणून ते ठेवलेले. ते दाबले की मोटार पूर्ववत होते. पण गळती नाही हे पाहिल्याशिवाय ते दाबणे म्हणजे पहारेकऱ्याला बांधून ठेवून चोराला दार उघडणे. डिझेल गाडीत नळी सैल होऊन हवा शिरते. मग फिल्टरवरचा हातपंप मारून हवा काढावी लागते. हे काम मला येते. माझ्या हातांना त्याचा वास लहानपणापासून आहे.

आमच्या ढकलण्याविषयीही सांगितले पाहिजे. लागत नसलेली पेट्रोल मोटार ढकलत राहिले, किंवा सेल्फ मारत राहिले, की न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरील कन्व्हर्टरमध्ये जाऊ शकते. मग इंजिन लागल्यावर ते तिथे जळून तो महागडा भाग खराब होतो. आणि अकरा वेळा सेल्फ मारल्याने बॅटरीही बसली होती. एका वेळी पाच-सात सेकंदांहून अधिक सेल्फ मारू नये, मधे विश्रांती द्यावी. विजेवर चालणाऱ्या मोटारी आता आपल्याकडेही दिसू लागल्या आहेत. त्यांची बॅटरी बहुधा तळाशीच पसरलेली असते, आणि तिला मार लागला तर आपण वाकूनही पाहू नये, दूर उभे राहून जाणत्याला बोलवावे.

त्या गतिरोधकाबद्दल शिबिरात पुष्कळ शिव्या दिल्या गेल्या. मला त्या पटल्या नाहीत. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ साली गतिरोधकाचे माप ठरवून दिले : उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने मोटार सुखाने पार व्हावी. लहान मोटारीच्या पोटाखाली साधारण १६ ते १७ सेंटिमीटर जागा असते. पाच माणसे व पोते भरल्यावर त्याहून कमी. मापाने केलेला गतिरोधक म्हणूनच मोटारीला दुखवीत नाही. तो रुंद असल्यामुळे चाके हळूहळू चढतात. गावकऱ्यांचा ढिगारा उंच असतो म्हणून नव्हे, तर अरुंद असतो म्हणून पोट फोडतो. पण हे माप त्या गावाला सांगायला कोण गेले? शाळेजवळून ट्रक भरधाव जातो, एखादे पोर मरता मरता वाचते, अर्ज दिले जातात, आणि एके रात्री गावकरी दगड-माती आणून आपला प्रश्न सोडवितात. आम्ही सात दिवस त्या गावात राहून नाल्या उपसल्या, प्रबोधनपर पथनाट्य केले. एक दोरी, एक टेप आणि दोन ट्रॉली मुरूम घेऊन तो गतिरोधक मापात बसविला असता तर गावाची पोरेही वाचली असती आणि मोटारींची पोटेही. ते आमच्या कोणाच्या डोक्यात आले नाही. त्याला 'कार्यक्रम' म्हणता आले नसते.

येथे कोणी म्हणेल की हे आय. टी. आय. चे ज्ञान आहे, कला शाखेला त्याचे काय? मला हा भेदच समजत नाही. ज्या नवेगावच्या तलावाकाठी आपण सहली नेतो तो तलाव पदवीधरांनी बांधलेला नाही. कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांच्या मधली वाट अडवून तो बांधला असे परंपरा सांगते, आणि या भागातील शेकडो मालगुजारी तलाव कोहळी समाजाच्या अंगातील जाणतेपणातून उभे राहिले. बांधावरून चालताना पाणी किती आहे हे कोणालाही दिसते. बांध झिरपतो की नाही हे मात्र खालच्या अंगाला उतरून पाहणाऱ्यालाच कळते. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून येथे राहिले आणि त्यांनी 'नवेगाव बांधचे दिवस' लिहिले. जंगलातल्या माणसांना विचारून, त्यांचे शब्द टिपून घेऊन त्यांनी मराठीत केवढी भर घातली! २०२५ च्या जूनमध्ये ते गेले तेव्हा आपल्याकडेही श्रद्धांजलीची सभा झाली, आणि 'अनुभवी माणसांकडून शिकावे' असे सभेत पुष्कळदा बोलले गेले. मीही टाळ्या वाजविल्या. पाखरांची नावे सांगणाऱ्याविषयी आम्हाला आदर वाटतो, तो पुस्तकातून आला म्हणून. गवताचा भारा घेऊन जाणारी बाई 'गरून रायलं' म्हणाली तर आम्ही हसतो. ती आणखी पाच मिनिटे उशिरा आली असती तर आम्ही ती मोटार दुसऱ्या एखाद्या गाडीला दोर बांधून, ओढून चालू करण्याच्या बेतात होतो.

खरे सांगायचे तर मला शिक्षणाची भीती वाटते ती एवढ्याचसाठी. ते मला नवे देते आहे, यात शंका नाही. समाजशास्त्राच्या तासाला 'प्रतिष्ठा' या संकल्पनेवर सरांनी शिकविलेले मला अजून पाठ आहे. पण त्याच वेळी माझ्याजवळ असलेले एक एक ते लपवायला लावते. घरी मी झाडीबोली बोलतो, येथे नाही. चाबीला येथे मी किल्ली म्हणतो. या लेखात मात्र चाबीच म्हटले आहे, आणि संपादकांनी ती बदलू नये ही विनंती.

बाबा मोटारीखाली गेले तेव्हा संध्याकाळ होत आली होती. त्यांनी अंगातला सदरा काढून मला दिला, पाठीखाली शिबिराच्या फलकाचे कापड घेतले (त्यावर 'श्रमप्रतिष्ठा' असे लिहिले होते, पण ते त्यांनी वाचून घेतले नव्हते) आणि उजेड मागितला. सर स्वतः रस्त्यावर बसून टॉर्च धरून राहिले. बाबांनी चिरेवर धुण्याचा साबण मळून बसविला, तुटलेली वायर दाखविली, पण जोडूनही चालू केली नाही. दोर बांधून मोटार आपल्या गाडीमागे टोचन करून गॅरेजला नेली. चेंबर नवे, ऑइल, वायर आणि मजुरी मिळून काम साडेचार हजारांत झाले. सरांनी बाबांना पैसे देऊ केले ते त्यांनी डिझेलपुरते घेतले.

पुढच्या शिबिरात एक दुपार यासाठी ठेवावी अशी सूचना मी सरांकडे केली आहे व त्यांनी ती मान्य केली आहे. मान्यवर वक्ता म्हणून बाबांना बोलवावे असेही ते म्हणाले. मी घरी निरोप सांगितला. बाबा जेवत होते. घास संपवून म्हणाले, "बोलाचं असन त मी येत नाई. गाडी आना, दाखवतो."